ब्राझीलची कादंबरी, डिचोलीची मराठी

पत्र

सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात मराठी शिकवते. माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेले. त्यांच्या कपाटातली पुस्तके आपल्यालाही वाचता यावीत, या ओढीने मी पणजीला जाऊन पोर्तुगीज शिकले. गेल्या वर्षापासून मी माशादो द आसीस या ब्राझिलियन लेखकाची ‘दोम कास्मुर्रो’ ही कादंबरी मराठीत आणते आहे. शेजारी इंग्रजी भाषांतरही उघडे असते. एका अनुभवी भाषांतरकारांनी मला सांगितले, की इंग्रजीवरूनच करा, वेळ वाचेल आणि वाचकाला फरक कळणार नाही. मैत्रिणी म्हणतात, ज्यांना असली पुस्तके वाचायची असतात ते इंग्रजीत वाचतातच. या दोन्हींपेक्षा मला जास्त छळणारी गोष्ट ही, की माझा मजकूर मलाच भाषांतरित वाटतो. पात्रांची नावे आणि गाव बदलून सगळे गोव्यातच आणावे का, असाही विचार मनात येतो. शिवाय माझी मराठी गोव्याची आहे. पुण्या-मुंबईचा वाचक ती स्वीकारील का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. भाषांतर पोर्तुगीजवरूनच करा. इंग्रजीवरून केल्यास वेळ वाचेल हे खरे आहे. वाचकाला फरक कळणार नाही, हे मात्र मला मान्य नाही. फरक कशामुळे पडला ते वाचक सांगू शकणार नाही कदाचित, पण पुस्तक मध्येच कुठे तरी त्याच्या हातून सुटेल आणि तो दोष मूळ लेखकाच्या माथी मारला जाईल. ज्या कादंबरीत सारा जीव सांगण्याच्या रीतीत आहे, तिच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असतो, आणि तुम्ही नेमकी तशीच कादंबरी निवडली आहे.

नुसते कथानक सांगायचे झाले तर ते चार ओळींत संपते. रिओ द जनेरोतील एका सुखवस्तू घरातला बेंतू. पहिले मूल मृत जन्माला आले म्हणून पुढच्या मुलाला पाद्री करीन असा आईने बोललेला नवस. शेजारच्या कापितूवर जडलेला त्याचा जीव. सेमिनरीतून सुटका, लग्न, मुलगा. आणि मग त्या मुलाचा चेहरा आपल्या जिवलग मित्रासारखा, एस्कोबारसारखा, दिसतो या संशयाने झालेली संसाराची राखरांगोळी. हे सारे एकाकी, वयस्कर झालेला बेंतू स्वतः सांगतो आणि त्याच्या सांगण्याला दुसरा साक्षीदार नाही. १८९९ सालच्या या कादंबरीच्या बहुतेक वाचकांनी पुढची सुमारे सहा दशके त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कापितूला दोषी धरले. १९६० साली हेलन कॉल्डवेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुस्तक लिहून सांगितले, की कापितू निर्दोष आहे आणि संशय घ्यायचा तर तो बेंतूच्या साक्षीवर घ्यायला हवा. तेव्हापासून या कादंबरीच्या वाचनाची दिशाच बदलली. याच कॉल्डवेल यांनी १९५३ साली तिचे पहिले इंग्रजी भाषांतर केले होते, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. साधा वाचक गोष्टीच्या ओघात पुढे जातो. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबून, हे कोण सांगतो आहे, आत्ताच का सांगतो आहे आणि याला हे कसे ठाऊक, असे विचारावेच लागते. एस्कोबारच्या अंत्यविधीच्या वेळी कापितूने शवाकडे कसे टक लावून पाहिले ते बेंतू सांगतो, तेव्हा तिच्या नजरेला लावलेली विशेषणे बेंतूची असतात. भाषांतरकाराने आपल्याकडून त्यांतली एक छटा जरी गडद केली, तरी ज्या खटल्याचा निकाल लेखकाने जाणूनबुजून दिलेला नाही तो निकाल भाषांतरकार देऊन बसतो.

म्हणून मी असे मानतो, की काय घडले ते दुसऱ्या भाषेत कळवले म्हणजे भाषांतर झाले, असे होत नाही. सांगणारा काय आधी सांगतो, काय मागाहून सांगतो, कशावरून ओझरता निघून जातो आणि कुठे नको तितका ठाम होतो, हे वाक्यावाक्यातले वागणे दुसऱ्या भाषेत उतरावे लागते. ते वागणे मूळ भाषेतच पाहायला मिळते.

एक वाक्य जवळून पाहू. सातवे प्रकरण काढा. विधवा झाल्यावर आईने, दोना ग्लोरियाने, काय केले ते बेंतू तिथे सांगतो. मराठीत ते साधारण असे येईल: ‘तिने ती लहानशी वाडी आणि गुलाम विकले, काही नवे विकत घेऊन त्यांना कमाईला लावले किंवा भाड्याने दिले, डझनभर घरे घेतली, काही सरकारी रोखे घेतले आणि मातकावालोस रस्त्यावरच्या घरीच राहिली.’ बेंतू येथे आईविषयी मायेने आणि आदराने बोलतो आहे, आणि त्या मायेच्या वाक्यात माणसे जमीन आणि रोखे यांच्या मधोमध येऊन बसली आहेत. लेखक त्यावर एक अक्षरही बोलत नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, आणि स्वतः माशादो यांचे वडिलांकडचे आजी-आजोबा गुलामगिरीतून मुक्त झालेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या न बोलण्याचे वजन कळते. येथे मराठी भाषांतरकाराला दोन मोह होतील. एक म्हणजे ‘नोकरचाकर’ किंवा ‘गडीमाणसे’ असे लिहिण्याचा, कारण आपल्या डोळ्यांपुढे आपल्याकडच्या भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, घर उभे राहते आणि हात आपोआप सौम्य शब्दाकडे जातो. दुसरा मोह वाक्य लांब आहे म्हणून त्याचे तीन तुकडे करण्याचा. गुलामांना वेगळे वाक्य दिले, की बेंतूला त्यांची जाणीव आहे असा अर्थ निघतो, आणि त्याला ती नाही हेच तर येथे दिसायचे आहे. वाक्य एकच राहू द्या, क्रम तोच राहू द्या. आपल्या मराठीत क्रियापदे शेवटी येतात याची पुष्कळांना अडचण वाटते, पण येथे ती सोयीची ठरते. विकले, लावले, दिले, घेतली, घेतले अशी ती एकामागून एक पडत गेली, की वाक्याला जमाखर्चाच्या वहीचा कोरडेपणा आपोआप येतो.

आता इंग्रजीविषयी. जॉन ग्लेडसन यांनी १९९७ साली केलेले या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर चांगले आहे. तुमच्या शेजारी उघडे असलेले पुस्तक तेच असेल तर तुम्ही वाईट सोबत निवडलेली नाही. पण कोणतेही चांगले भाषांतर हे शेकडो निवडींचे फळ असते, आणि त्या निवडी इंग्रजी वाचकासाठी, इंग्रजीच्या सोयी-गैरसोयी पाहून केलेल्या असतात. तिथे दोन वाटांपैकी एक आधीच बंद झालेली असते, आणि इंग्रजीवरून करणाऱ्याला तिथे दुसरी वाट होती हेही कळत नाही. संबोधनाचेच पाहा. कोण कोणाला कोणत्या अदबीने हाक मारतो, हे पोर्तुगीजमध्ये सर्वनामावरून आणि क्रियापदावरून कळते. मराठीतही तू, तुम्ही आणि आपण यांत सारे नाते सांगून होते. इंग्रजीच्या एकाच सर्वनामातून गेल्यावर ही माहिती नाहीशी होते, मग मराठी भाषांतरकार ती अंदाजाने पुन्हा भरतो. दोन्ही टोकांना असलेली गोष्ट केवळ मधल्या मुक्कामामुळे गमवावी, याला काही अर्थ नाही. कादंबरीतला आश्रित जुझे दियश मालकिणीसमोर कसा वाकून बोलतो आणि बेंतूशी कसा बोलतो, हे तुम्हाला पोर्तुगीजमधून सरळ दिसते आणि ते मराठीत तितक्याच सरळ लिहिता येते.

मधल्या भाषेवरून होणाऱ्या भाषांतराला मी कमी लेखत नाही. टॉल्स्टॉय, दोस्तोयेव्हस्की, चेखॉव्ह मराठी घरांत पोचले ते बव्हंशी इंग्रजीतूनच, आणि ज्यांनी ते पोचवले त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण जिथे मूळ भाषा हाताशी आहे तिथे ही सबब उरत नाही. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डने त्याच रुबायांवरून रचलेल्या इंग्रजी काव्याचे भाषांतर वेगळे केले. खय्याम आणि फिट्झजेराल्डचा खय्याम या दोन निराळ्या कलाकृती आहेत, हे त्यांनी आपल्या कामानेच मान्य केले. जर्मनीत हारुकी मुराकामी यांच्या काही कादंबऱ्या प्रथम इंग्रजीवरून जर्मनमध्ये आल्या. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाला आणि त्या मूळ जपानीवरून नव्याने कराव्या लागल्या. इंग्रजी आवृत्तीत प्रकाशकाने काटछाट केली असेल, तर तिच्यावरून होणाऱ्या प्रत्येक भाषांतरात तीच काटछाट निमूटपणे उतरते, आणि जगातल्या मोठमोठ्या लेखकांच्या बाबतीत हे घडलेले आहे.

यात कायद्याचाही एक भाग आहे, आणि तुमच्या अनुभवी स्नेह्यांनी तो सांगितलेला दिसत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. माशादो १९०८ साली वारले, त्यामुळे मूळ कादंबरी सर्वांना मोकळी आहे आणि तिच्या भाषांतरासाठी तुम्हाला कोणाची परवानगी नको. अलीकडचे इंग्रजी भाषांतर मात्र त्याच्या भाषांतरकाराची किंवा प्रकाशकाची मालमत्ता आहे. त्यावरून मराठी केले तर त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. म्हणजे आडवाटेने गेल्यावर वाचलेला वेळ पत्रव्यवहारात खर्ची पडण्याची शक्यताच अधिक.

इंग्रजी पुस्तक फेकून द्या असे मी म्हणत नाही. ते कधी उघडायचे, एवढे ठरवून घ्या. एका प्रकरणाचा तुमचा मराठी खर्डा पूर्ण होईपर्यंत ते मिटलेले असू द्या. कादंबरीची १४८ प्रकरणे आहेत आणि त्यांतली कित्येक पान-दीड पानाची आहेत, तेव्हा ही शिस्त पाळायला अवघड नाही. खर्डा झाल्यावर इंग्रजीशी ताडून पाहा. जिथे अर्थ जुळत नाही तिथे खूण करा आणि निर्णयासाठी पुन्हा पोर्तुगीजकडेच जा, कारण चूक तुमची असेल तशी त्यांचीही असू शकते. इंग्रजी वाक्य एकदा कानात बसले, की मराठी वाक्य त्याच्या चालीने चालू लागते, आणि तुमचा मजकूर तुम्हाला भाषांतरित वाटण्याचे निम्मे कारण मला येथेच दिसते. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पानांवर पोर्तुगीजपेक्षा इंग्रजी वाक्यरचनेची सावली मोठी आहे. ‘तिच्याकडे एक अशी नजर होती जी’ हे वाक्य पोर्तुगीजने तुमच्याकडून लिहवून घेतलेले नाही, आणि मराठीने तर नाहीच.

उरलेले निम्मे कारण वाचनात आहे. भाषांतराचा विचार करताना आपण परकी भाषा किती येते याचीच काळजी करतो. माझ्या मते त्याहून मोठी काळजी आपल्या भाषेतले वाचन आटल्याची असायला हवी. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, व्याकरण तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण एका विशिष्ट काळातला, शिकलेला, बोलका, स्वतःच्या बाजूने युक्तिवाद करणारा पुरुष मराठीत कसा बोलेल, हे व्याकरणातून मिळत नाही. माशादो ही कादंबरी लिहीत होते त्याच दशकात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आली. ती यमूच्या तोंडून, प्रथमपुरुषात सांगितलेली आहे. ती पुन्हा वाचा. तिची नक्कल करण्यासाठी वाचू नका. स्वतःचे आयुष्य सांगणारा माणूस वाचकाला मध्येच कसा हटकतो, आठवणीतून आठवणीत कसा शिरतो आणि मूळ धाग्यावर परत येताना कोणते शब्द वापरतो, हे कानात मुरावे म्हणून वाचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्याच कारणासाठी वाचा. गोव्याच्या मातीतले गद्य हवे असेल तर लक्ष्मणराव सरदेसायांच्या कथा आहेतच. ते मराठीत लिहीत आणि पोर्तुगीजमध्येही लिहीत, आणि दोन भाषा एका डोक्यात नांदत असूनही त्यांचे मराठी वाक्य मराठीच राहिले, हे तुम्हाला धीर देईल.

जुझे दियशपाशी हे वाचन कसे उपयोगी पडते ते पाहा. त्याला अतिशयोक्तीची रूपे अतोनात प्रिय. बेंतू सांगतो, की त्यामुळे विचारांना भव्यता येई आणि विचार नसले तर निदान वाक्य तरी लांबे. पोर्तुगीजमध्ये हे एका प्रत्ययाने साधते. मराठीत प्रत्येक विशेषणाआधी ‘अतिशय’ लावत गेलात तर तो माणूस कंटाळवाणा होईल, आणि तो मुळीच कंटाळवाणा नाही. पण संस्कृत वळणाने बोलून स्वतःचे वजन वाढवणारा आश्रित आपल्या साहित्यात आणि आपल्या आजोळच्या घरांत किती तरी वेळा भेटलेला आहे. त्याच्या तोंडी ‘परम कटू कर्तव्य’ घाला, तो लगेच उभा राहील. हा आवाज शब्दकोशात सापडणार नाही. तो ज्याने मराठी पुष्कळ वाचली आणि ऐकली आहे त्यालाच सापडतो.

मूळ पुस्तकाच्या वाचनाविषयीही थोडे सांगतो. भाषांतराला हात घालण्यापूर्वी संपूर्ण कादंबरी एकदा शब्दकोश न उघडता वाचून काढा. पहिल्याच प्रकरणात बेंतू वाचकाला शब्दकोश पाहू नका म्हणून सांगतो, ते ‘कास्मुर्रो’ या आपल्या टोपणनावापुरते, पण पहिल्या वाचनाला तो सल्ला सरसकट लागू पडतो. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे जा. त्यामुळे कोणते प्रकरण धावते, कोणते रेंगाळते आणि कोणत्या जागी तुमचा बेंतूवरचा विश्वास डळमळतो, हे आधी कळते. पुढे पहिले प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा शेवटचे प्रकरण मनात असले पाहिजे, कारण या लेखकाने शेवटाची बीजे पहिल्या वीस पानांत पेरून ठेवली आहेत. आजोबांचा शब्दकोश जपून वापरा. तो पोर्तुगालच्या पोर्तुगीजचा असणार, आणि एकोणिसाव्या शतकातल्या रिओची बोली, तिथले पदार्थ, वाहने, नाणी त्यात सगळीकडे सापडणार नाहीत. पणजीत पाटो येथे आपले कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, कामोंइश संस्थेचे भाषाकेंद्र आहे. आणि १९६१ पूर्वी ज्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले अशी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी बसून एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून घेतलात, तर वाक्य कुठे श्वास घेते ते तुम्हाला कळेल. हे भाग्य पुण्यातल्या भाषांतरकाराला नाही.

सगळे गोव्यात आणावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. रूपांतराची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि मला तिचा आदर आहे. शेक्सपिअरचे ऑथेल्लो महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली भाषांतरित केले, पण रंगभूमीवर ते रुजले देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे, ज्यात ऑथेल्लोचा झुंजारराव झाला आणि डेस्डेमोनाची कमळजा झाली. नाटकाला त्या काळी ते आवश्यक होते, कारण प्रेक्षकाने तिथल्या तिथे हसायचे-रडायचे असते. कादंबरीच्या वाचकाजवळ वेळ असतो. शिवाय तुमच्याच पुस्तकात या प्रश्नाची कसोटी आयती ठेवलेली आहे. संशयाने पोखरलेला बेंतू एका रात्री नाटकाला जातो आणि ते नाटक ऑथेल्लोच असते. गाव गोव्यात आणलेत, बेंतूचे नाव बदललेत, तर त्या रात्री तो कोणते नाटक पाहणार? झुंजारराव पाहायला पाठवलात तर कादंबरीचा काळ, तिचे शहर आणि त्या शहराचे युरोपकडे लागलेले डोळे, सारेच विस्कटेल. पात्रे ब्राझीलचीच राहू द्या, रस्त्यांची नावे राहू द्या. शांताबाई शेळक्यांच्या ‘चौघीजणी’मध्ये, म्हणजे ‘लिटल विमेन’च्या मराठी भाषांतरात, मेग, ज्यो, बेथ आणि एमी याच नावांनी त्या मुली मराठी घरांतल्या झाल्या. त्यांना परक्या ठेवणारे काही असते तर ते भाषेत असते, आणि शांताबाईंच्या भाषेत ते नव्हते. मूळ कलाकृतीचे परकेपण जपावे आणि मराठी वाक्याचे परकेपण घालवावे, असा माझा आग्रह आहे. पुष्कळ भाषांतरांत याच्या नेमके उलट घडते.

आता तुमच्या गोव्याच्या मराठीविषयी, ज्याची तुम्हाला काळजी वाटते आणि मला ज्याचा आनंद वाटतो. ही कादंबरी एका पोर्तुगीज वळणाच्या कॅथलिक समाजात घडते. नवस, सेमिनरी, पाद्री, प्रार्थना, घरातले देवघर यांशिवाय तिचे पान हलत नाही. हेच पुस्तक इतरत्र मराठीत झाले तर चर्च, मास, प्रीस्ट, चॅपल हे इंग्रजी शब्द त्यात शिरतील आणि मातकावालोसचे घर एखाद्या इंग्रजी कॉन्व्हेंटसारखे दिसू लागेल. तुमच्याजवळ इगर्ज आहे, मीस आहे, आल्तार आहे, पाद्री आणि विगार आहेत. हे शब्द त्याच पोर्तुगीजमधून आपल्याकडे आले, चार शतके इथल्या तोंडी घोळले आणि आता आपलेच आहेत. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत सांगण्याची वाटही पहिल्यांदा गोव्यातच पडली. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीत राशोल येथे छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्र्याने ओवी स्वीकारली आणि मराठीच्या अंगभूत बळावर विश्वास ठेवला. तुम्ही त्या वाटेवरच्या आहात. पुण्याच्या वाचकाला इगर्ज हा शब्द पहिल्यांदा अडेल, पण घंटा वाजली आणि लोक आत गेले की दुसऱ्या वेळी अडणार नाही. त्यासाठी तळटीप देऊ नका, प्रसंगच तो शब्द शिकवील.

मात्र येथे हात आवरायलाही हवा. ज्या वस्तू आणि आचार पोर्तुगीज वारशामुळे दोन्हीकडे खरोखर समान आहेत, त्यांच्यापुरतेच हे शब्द वापरा. बेंतूच्या आईला कुळागरात, आपल्या बागायतीत, फिरवू नका, स्वयंपाकघरात आपली आमटी शिजवू नका, आणि कोकणीतले लाडिक उद्गार कापितूच्या तोंडी घालू नका. वाचकाला गोव्याचा भास झाला तरी चालेल, त्याची फसगत होता कामा नये. नावांच्या उच्चारांबाबतही एक नियम करून तो शेवटपर्यंत पाळा. ब्राझीलमधले उच्चार लिस्बनहून वेगळे आहेत आणि आपल्या गोव्यातले आणखी वेगळे. मी स्वतः वर जुझे असे लिहिले, कारण ते नाव आपल्या गावोगावी त्याच रूपात नांदते. तुम्ही रिओचा उच्चार घेतलात तरी माझी हरकत नाही, पण अर्ध्या पुस्तकात एक आणि अर्ध्यात दुसरा असे होऊ देऊ नका.

मैत्रिणींचे म्हणणे मी थोडक्यात निकालात काढतो. इंग्रजीत वाचू शकणारे पुष्कळ जण ते पुस्तक इंग्रजीत वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांच्यातलेही अनेक जण आपल्या भाषेत ते वेगळ्या ओढीने वाचतात. शिवाय गावागावांतल्या वाचनालयांत येणारा, मराठीच वाचणारा वाचक हा कोणी दुय्यम वाचक नव्हे. नवस फेडता न आल्याने घरात पसरणारा अपराधीपणा त्याला रिओतल्या वाचकाइतकाच कळतो, कदाचित लंडनच्या वाचकाहून चांगला कळतो. आणि तुमच्यापुरते बोलायचे, तर चारशे-साडेचारशे वर्षे पोर्तुगीज भाषा आपल्या अंगणात वावरली, तरी तिच्यातले ललित साहित्य मूळातून थेट मराठीत फारसे आलेले नाही. ही उणीव भरून काढण्याची पात्रता आज फार थोड्या लोकांजवळ आहे आणि त्यांतल्या तुम्ही एक आहात. हे काम तुम्ही अर्धवट टाकू नये, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

शेवटी व्यवहाराचे. नोकरी सांभाळूनच हे काम करा. मराठीत केवळ ललित भाषांतरावर घर चालत नाही. प्रकाशकाकडे जाण्यापूर्वी निदान पंचवीस-तीस प्रकरणे पक्की करा आणि ती पोर्तुगीज मुळीच न येणाऱ्या एखाद्या चोखंदळ वाचकाला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे अडखळेल किंवा पुन्हा वाचा म्हणेल तिथे खूण करा, पण तिथल्या तिथे समर्थन देऊ नका. प्रकाशक मिळाल्यावर ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भाषांतर-साहाय्य योजनेची माहिती त्यांच्या कानावर घाला. अशा योजनांत सहसा प्रकाशकालाच अर्ज करावा लागतो आणि पुष्कळ मराठी प्रकाशकांना त्यांची कल्पना नसते. करार लेखीच करा. त्यात मुखपृष्ठावर तुमचे नाव, भाषांतर थेट पोर्तुगीजवरून केल्याचा उल्लेख, हक्क किती वर्षांसाठी दिले आहेत आणि पुनर्मुद्रणाचे मानधन किती, ही चार कलमे असल्याशिवाय सही करू नका. दरम्यान पहिल्या दहा प्रकरणांचा निवडक भाग एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवा. संपादक मंडळी मजकुराची जुळवाजुळव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करू लागतात, तेव्हा मे महिन्याच्या सुटीत हस्तलिखितावरून शेवटचा हात फिरवून ते रवाना करा.